केनियातल्या खेड्यात फॉर्म फोरनंतरच्या शिक्षणासाठी निधी : पैसा नेमका कुठे घालावा?

माळरान :

नमस्कार मंडळी. नैरोबीतल्या आम्ही काही मराठी कुटुंबांनी मिळून एक शिक्षणनिधी उभा करायचं ठरवलंय. वर्षाला साधारण ९ लाख शिलिंग जमतील आणि निदान पाच-सहा वर्षं त्यात खंड पडणार नाही. मदत पोचवायची आहे ती पश्चिमेकडच्या बुसिया काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) एका लोकेशनमधल्या (गावांच्या गटातल्या) दोन डे सेकंडरी (बिनवसतिगृहाच्या माध्यमिक) शाळांतून फॉर्म फोर, म्हणजे माध्यमिकचं शेवटचं वर्ष, झालेल्या मुलामुलींना. घरची शेती एक-दीड एकर, त्यात मका, कसावा, ज्वारी आणि वर मोलमजुरी. केसीएसई ही माध्यमिकची शेवटची परीक्षा झाली की बहुतेकांचं शिक्षण तिथेच थांबतं.

प्रश्न बरेच आहेत. पदवीवाल्यांना हात द्यावा की हातात कसब देणाऱ्या अभ्यासक्रमांना? पैसे कॉलेजात भरावेत की घरच्यांकडे द्यावेत? बिनव्याजी कर्ज म्हणून दिले तर पैसा फिरता राहील का? मुलं कशी निवडावीत, म्हणजे गावात वाकडं येणार नाही? आकस्मिक खर्चासाठी १५ टक्के बाजूला ठेवून प्रत्येकी ४५,००० शिलिंग दिले तर पहिल्याच वर्षी सतरा मुलं घेता येतील असा आमचा हिशेब आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खतावणी :

माळरान, आधी एक गोष्ट पक्की करा : ज्या गोष्टीचे पैसे सरकार देतं त्यावर निधीतला एक शिलिंगही जाता कामा नये. नवे देणगीदार थेट फी भरायला धावतात आणि मूल अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी.

पदवीसाठी केसीएसईला किमान सी प्लस हा ग्रेड (ए सर्वांत वर, ई सर्वांत खाली) लागतो. २०२४ च्या परीक्षेला साडेनऊ लाखांहून जास्त मुलं बसली, त्यातल्या सुमारे २ लाख ४६ हजारांना सी प्लस किंवा त्याहून वर मिळाला. म्हणजे चारातला एक. या मुलाने केयूसीसीपीएसच्या, म्हणजे सरकारी प्रवेश-वाटप सेवेच्या, पोर्टलवरून सरकारी विद्यापीठात जागा घेतली की २०२३ पासूनच्या पद्धतीत त्याला काही भाग शिष्यवृत्ती, काही भाग हेल्बचं (सरकारी उच्चशिक्षण कर्ज मंडळाचं) कर्ज मिळतं आणि उरलेला वाटा कुटुंबाचा असतो. २०२४ च्या रचनेत पाच बँड, म्हणजे अर्जावरून ठरणाऱ्या घरच्या ऐपतीचे गट, आहेत. बँड १ मध्ये शिष्यवृत्ती ७०, कर्ज २५ आणि कुटुंब ५ टक्के. बँड ५ मध्ये शिष्यवृत्ती ३०, कर्ज ३० आणि कुटुंब ४० टक्के. राहण्या-जेवणासाठीचं कर्ज वेगळं, बँड १ ला वर्षाला ६०,००० आणि बँड ५ ला ४०,०००.

आता आकडा मांडून बघा. अभ्यासक्रमाचं वर्षाचं शुल्क दीड लाख असेल तर बँड १ मधल्या कुटुंबाला ७,५०० भरावे लागतात, बँड ५ मधल्या कुटुंबाला ६०,०००. फरक ५२,५०० शिलिंगांचा. तुम्ही एका मुलाला वर्षभरात देणार त्याहून जास्त रक्कम एका नीट न भरलेल्या अर्जात जाते! त्यामुळे निधीचं पहिलं काम अर्ज भरून देण्याचं. मुलं घाईत, दुसऱ्याच्या फोनवरून अर्ज भरतात. धाकटी भावंडं फीच्या शाळेत असतील तर ती लिहायची राहतात. वडील वारलेले असतात, पण मृत्यूचा दाखला काढलेलाच नसतो. माध्यमिकची फी एखाद्या देणगीदाराने भरलेली असेल तर त्याचं पत्र जोडायला हवं, नाहीतर 'महागड्या शाळेत शिकला, म्हणजे घरची ऐपत आहे' असा अर्थ लागतो. बँड चुकीचा आला तर अपील करता येतं. ते मुदतीत करायचं आणि सोबत चीफचं (लोकेशनच्या सरकारी प्रशासकाचं) पत्र, दाखले जोडायचे. ही पद्धत न्यायालयात आव्हान दिली गेलेली आहे आणि शुल्कातही बदल होत असतात, म्हणून दर वर्षी मुलाच्या हातातलं प्रत्यक्ष पत्र वाचूनच हिशेब करा.

एक सावधगिरी. केयूसीसीपीएसमधून खासगी विद्यापीठात जागा मिळालेल्यांना या पद्धतीत कर्ज मिळू शकतं, शिष्यवृत्ती मिळत नाही. अर्ज भरताना मुलांना हे कुणी सांगत नाही.

मग मूल अडतं कुठे? पहिली अडचण शाळेच्या थकबाकीची. डे स्कूलमधली शिकवणी २००८ पासून मोफत आहे, पण दुपारचं जेवण आणि इतर आकारण्या चार वर्षं साठत जातात. शाळा मग प्रमाणपत्र अडकवून ठेवते. केनियाच्या परीक्षा मंडळाच्या कायद्यानुसार असं अडवता येत नाही, पण शाळेलाही स्वयंपाकिणीचा पगार आणि मक्याच्या व्यापाऱ्याची उधारी भागवायची असते, म्हणून हा प्रकार चालू राहतो. यातून वाट अशी. शाळेकडून प्रत्येक मुलाचं वेगळं खातेपत्रक मागा, एकत्रित आकडा स्वीकारू नका. एनजी-सीडीएफ (सरकारी मतदारसंघ विकास निधी) किंवा काउंटीच्या बर्सरीचा (गरजू मुलांसाठीच्या फी-मदतीचा) चेक शाळेत येऊन त्या मुलाच्या नावे जमा व्हायचा राहिला आहे का ते तपासा. बर्सरी गटाने येते, मुलाचा प्रवेश क्रमांक यादीत चुकला की रक्कम शाळेच्या खात्यात नुसती पडून राहते. मग मुख्याध्यापकांशी बोला : काही रक्कम आज शाळेच्या बँक खात्यात, मूळ प्रमाणपत्र आणि लिव्हिंग सर्टिफिकेट आजच हातात. बहुतेक शाळा सवलत देतात, कारण जुनी येणी बुडणारच हे त्यांनी धरलेलं असतं. प्रवेशाला सहसा रिझल्ट स्लिप चालते, त्यामुळे आधी प्रवेश नक्की झालेल्यांची थकबाकी फेडा, सरसकट नको.

दुसरी अडचण रिपोर्टिंग डेची, म्हणजे कॉलेजात हजर व्हायच्या दिवसाची. ॲडमिशन लेटरसोबत यादी येते : गादी, वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, फोटो, कागदपत्रांच्या प्रती, खोलीचं आगाऊ भाडं. सरकारचा एकही शिलिंग त्या दिवशी हातात नसतो. घरात मग शेळी विकतात, आणि तीही नसली तर मूल 'पुढच्या वर्षी जाईन' म्हणतं.

तिसरी अडचण पहिल्या दोन महिन्यांची. हेल्बचा हप्ता सत्र सुरू झाल्यावर बरेच आठवडे येत नाही आणि उपाशीपोटी राहिलेलं मूल याच काळात गुपचूप गावी परततं. पदवीच्या मुलाला प्रत्येक सत्राच्या पहिल्या दोन महिन्यांचे मिळून १६,००० शिलिंग द्या. वर्षाचे ३२,००० झाले. त्यात कुटुंबाचा वाटा, प्रवास, पहिल्या वर्षीचं सामान धरून एका मुलामागे ६,०००-७,००० ची ढील ठेवली तरी ६०,००० त वर्ष निघतं. एवढ्याशा रकमेने चार वर्षांची सरकारी मदत वाया जाण्यापासून वाचते.

रानफूल :

पदवीबद्दल खतावणींनी लिहिलंच आहे, मी उरलेल्या तीन-चतुर्थांश मुलांबद्दल लिहिते. डे स्कूलमध्ये त्यांचं प्रमाण आणखी मोठं असतं.

डिप्लोमाला सी मायनस, क्राफ्ट सर्टिफिकेटला डी, आणि त्याखाली आर्टिझन अभ्यासक्रम, ज्याला ग्रेडची अट जवळपास नाहीच. नव्या कौशल्याधारित रचनेत यांनाच अनुक्रमे लेव्हल ६, ५, ४ म्हणतात. २०२३ च्या रचनेत सरकारी टीव्हेट (तंत्र आणि व्यवसाय शिक्षण) संस्थांचं वर्षाचं शुल्क ६७,१८९ शिलिंग धरलेलं आहे, आणि केयूसीसीपीएसमार्फत गेलेल्याला त्यातही शिष्यवृत्ती आणि हेल्बचं कर्ज मिळतं. थेट कॉलेजात जाऊन प्रवेश घेतला तर हा लाभ हुकू शकतो, म्हणून पोर्टलवरूनच जा. त्या भागात बुम्बे, सिगालगाला, किसुमू नॅशनल पॉलिटेक्निक अशा संस्था आहेत. जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशा तीन वेळा प्रवेश होतात, त्यामुळे एक संधी गेली तरी वर्ष बुडत नाही. काउंटीची व्होकेशनल ट्रेनिंग सेंटर्स वेगळी. तिथली फी कमी, पण हेल्ब नाही.

तुमचे ४५,००० एका टीव्हेटच्या मुलावर असे बसतात : खोलीभाडं महिना २,५०० प्रमाणे नऊ महिन्यांचे २२,५००, शिष्यवृत्ती-कर्ज वजा जाता उरणारी फी १२,०००, आणि परीक्षाशुल्क, सेफ्टी बूट, ओव्हरऑल, हत्यारं मिळून १०,५००. पीठ आणि राजमा घरून नेतात. हे आकडे आराखड्यापुरते आहेत, कॉलेजचं फी स्ट्रक्चर हाती आल्यावर फिरवून घ्या.

इथे तीन ठिकाणी पैसा फुकट जातो.

कोर्सची निवड. एकाच गावातल्या सहा मुली शिवणकाम शिकल्या तर दोन वर्षांनी सहाही जणी गणवेशाच्या त्याच चार ऑर्डरी एकमेकींकडून ओढणार. आधी बोडाबोडाने (भाड्याच्या मोटारसायकलने) अर्ध्या तासात पोचता येईल अशा बाजारपेठा पालथ्या घाला आणि कोणत्या फुंडीकडे (कारागिराकडे) लोक रांग लावतात ते पाहा. मोटारसायकल दुरुस्ती, वेल्डिंग, वायरिंग, गवंडीकाम यांना मागणी सहसा असते. प्लंबिंगसाठी नळयोजना असलेलं शहर हवं, गावातल्या विहिरीवर त्याला काम नाही. वेल्डिंगचं दुकान टाकायचं तर वीज कुठवर आली आहे ते बघावं लागतं.

अटॅचमेंट. अभ्यासक्रमात साधारण तीन महिने एखाद्या कंपनीत किंवा वर्कशॉपमध्ये काम करावं लागतं. त्याचा मोबदला बहुधा मिळत नाही, राहणं-खाणं आपलं आपण करायचं, काही ठिकाणी विमाही मागतात. सगळी फी भरून झालेली मुलं इथे येऊन अडकतात, कारण देणगीदाराच्या कागदावर हा खर्चच नसतो. अटॅचमेंट झाली नाही तर प्रमाणपत्र नाही. त्यासाठी वेगळे २०,००० राखून ठेवा. वर्षाच्या ४५,००० त ते बसवायला जाऊ नका, राखीव निधीतून द्या.

हत्यारं. पहिल्याच सत्रात पूर्ण संच दिला तर वसतिगृहातून चोरीला जातो, किंवा मार्चमध्ये घरातला मका संपतो तेव्हा विकला जातो. वायरिंगच्या मुलाला सुरुवातीला पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर आणि मल्टीमीटर पुरे. ड्रिल शेवटच्या परीक्षेनंतर द्यायचं. गवंड्याला आधी थापी, ओळंबा, टेप, मग लेव्हल आणि बाकीचं. वायरिंगवाल्याला स्वतःच्या नावावर काम घ्यायचं तर ऊर्जा नियामकाचा म्हणजे एप्राचा परवाना लागतो, त्याची फी आराखड्यात धरा.

ज्यांना डी मायनस किंवा ई मिळाला त्यांना 'नापास' म्हणून सोडू नका. नीटाची, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक प्रशिक्षण प्राधिकरणाची, ट्रेड टेस्ट आहे, ग्रेड तीनपासून एकपर्यंत. चांगल्या फुंडीच्या हाताखाली शिकून ती देता येते. फुंडीला शिकवणीचे पैसे तीन भागांत द्या : एक आरंभी, एक मध्यावर काम बघून आणि शेवटचा मूल ग्रेड तीन पास झाल्यावर. सगळे पैसे आधी दिले की मूल वर्षभर फावडं मारत राहतं आणि ओळंबा धरायला कुणी शिकवत नाही.

डिप्लोमा नर्सिंग हा मधला चांगला मार्ग आहे. केएमटीसीला (सरकारी वैद्यकीय प्रशिक्षण महाविद्यालयाला) एकूण सी आणि ठरावीक विषयांत ठरावीक ग्रेड लागतात. इंग्रजी किंवा किस्वाहिली आणि जीवशास्त्र आधी तपासा. एका विषयाने प्रवेश हुकतो आणि अर्जाचे पैसे गेलेले असतात.

माळरान :

दोघांचेही मनापासून आभार. थकबाकीचं खातेपत्रक आणि अटॅचमेंट या दोन गोष्टी आमच्या डोक्यातच नव्हत्या. सतरा मुलांबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणून पुन्हा विचारतो. आणि कर्जाचं काय? आमच्यातल्या काहींचा आग्रह आहे की फुकट दिलेल्या पैशाची किंमत राहत नाही.

खतावणी :

सतरा मुलं घेऊ नका. पहिल्या वर्षी सतरा जणांवर ७,६५,००० लागले की दुसऱ्या वर्षीही त्याच सतरा जणांना तेवढेच लागतात. दुसऱ्या वर्षी फॉर्म फोर झालेल्यांना तुम्ही काय सांगणार? यात पदवीची मुलं असतील तर ओझं आणखी लांबतं. मूल निवडलं त्या दिवशी त्याचा शेवटच्या सत्रापर्यंतचा खर्च हाताशी असला पाहिजे. नाहीतर अर्ध्यात सुटलेल्या मुलाच्या हाती कर्ज राहतं, प्रमाणपत्र राहत नाही.

राखीव १५ टक्के म्हणजे १,३५,००० बाजूला काढल्यावर उरतात ७,६५,०००. दर वर्षी पाच नवी मुलं टीव्हेटची (दोन वर्षं) आणि एक पदवीचं घेतलं असं धरा. स्थिरावल्यावर एका वेळी टीव्हेटची दहा मुलं असतील, त्यांचे ४,५०,०००. पदवीची वर्षं चार नव्हे, पाच धरायची, कारण संप आणि रखडलेल्या परीक्षांनी वेळापत्रक सरकतं. २०२५ मध्ये विद्यापीठ प्राध्यापकांचा संप सुमारे सात आठवडे चालला. इंजिनिअरिंग मुळातच पाच वर्षांचं. म्हणजे पदवीची पाच मुलं एका वेळी, ६०,००० प्रमाणे ३,००,०००. बेरीज ७,५०,०००. बसलं.

पहिल्या वर्षी यातले २,८५,००० च लागतील आणि ४,८०,००० शिल्लक राहतील. ही शिल्लक बघून हात शिवशिवतात आणि समितीत 'आणखी पाच घेऊ' सुरू होतं. तसं करू नका. त्यातले दीडेक लाख थकबाकी फेडून प्रमाणपत्रं सोडवायला वापरा, कारण तो एकदाचा खर्च आहे आणि त्याने निवड न झालेल्या मुलांनाही मार्ग मोकळा होतो. बाकीची गंगाजळी मुदतठेवीत ठेवा.

कुणी डॉलरमध्ये देणगी देणार असेल तर त्याच्या भरवशावर मुलांची संख्या ठरवू नका. २०२४ च्या जानेवारीत एका डॉलरला १६० च्या आसपास शिलिंग मिळत होते, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात १२९-१३०. म्हणजे हजार डॉलरमागे तीसेक हजार शिलिंग कमी, आणि खोलीमालकाने भाडं काही उतरवलं नाही. वचन शिलिंगमध्ये घ्या.

कासव :

कर्जाबद्दल मी स्पष्ट विरोधात आहे. या मुलांच्या डोक्यावर हेल्बचं कर्ज आधीच आहे, ४ टक्के व्याजाचं, आणि फेड थकली की महिन्याला ५,००० दंड लागतो. त्यावर तुमचं दुसरं कर्ज आलं की पहिल्या पगारातून मूल आधी कुणाचं फेडेल? आणि पगार कधी सुरू होईल? गावच्या पोराला पहिली दोन-तीन वर्षं किडुकमिडुक कामंच मिळतात. वसुलीसाठी तुम्हाला माणूस नेमावा लागेल, त्याचा खर्च वसुलीहून जास्त जाईल, आणि मूल गावात यायचं टाळू लागेल. गावाचा आणि त्याचा संबंध तुटला तर सगळ्यात मोठं नुकसान तेच.

फेड कामाच्या रूपात घ्या. सुट्टीत आलेल्या मुलाने खालच्या वर्गातल्या तिघांचे केयूसीसीपीएस आणि हेल्बचे अर्ज भरून द्यायचे, त्यांची कागदपत्रं जुळवून द्यायची. टांझानिया, मलावी, झांबिया, झिंबाब्वे आणि घानात मुलींसाठी काम करणाऱ्या कॅमफेडने माजी विद्यार्थिनींचं जाळं याच तत्त्वावर वाढवलं आहे. शिकून बाहेर पडलेली मुलगी मागच्या मुलींना शाळेत टिकायला मदत करते.

रानफूल :

कासव यांच्याशी पदवी आणि डिप्लोमाच्या बाबतीत सहमत. पण व्यवसाय सुरू करायच्या हत्यारांसाठी मात्र अंशतः परतफेड चालते असं माझं मत आहे. वेल्डिंग मशिन ही कमावती वस्तू आहे. ती गावातल्या चामामार्फत (बचतगटामार्फत) द्यावी, किमतीचा निम्मा भाग चामाने हप्त्याने घ्यावा आणि तो चामाकडेच राहावा, तुमच्याकडे परत येऊ नये. चामातली माणसं एकमेकांना रोज भेटतात, त्यामुळे तिथे हप्ता येतो.

कासव :

हे मान्य. अट एकच, हप्ता पहिल्या सहा महिन्यांनंतर सुरू व्हावा.

सांजवारा :

निवडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. निधी मोडतात ते बहुतेक इथेच.

एकट्या मुख्याध्यापकांकडे किंवा एकट्या चीफकडे यादी मागू नका. त्यांची नियत चांगली असली तरी नातेवाईक त्यांच्या दाराशी बसतात, त्यांना नाही म्हणता येत नाही. पाच जणांची समिती करा : दोन्ही शाळांमधून एकेक शिक्षक, महिला गटाची एक प्रतिनिधी, दवाखान्यातली किंवा चर्चमधली एक व्यक्ती, आणि तुमच्यातलं एक. ज्याचं पोर किंवा भाचा अर्जात असेल त्याने त्या वर्षी उठून जायचं. गुण आधी ठरवून कागदावर लिहा आणि नंतर बदलू नका. निवडलेली नावं चीफच्या बराझात (गावसभेत) वाचून दाखवा आणि हरकतींसाठी आठवडा द्या. 'त्याचा मामा मोम्बासाला बंदरात नोकरीला आहे' हे शेजारणीलाच माहीत असतं, अर्जात ते कधीच येत नाही. मुलांच्या घरची दुःखं मात्र बराझात वाचायची नाहीत, फक्त नाव आणि कोर्स.

घरी गेल्यावर छपराकडे बघून गरिबी ठरवू नका, पत्रे आता बहुतेक घरांवर असतात. विचारायचं ते हे : गेल्या वर्षी मका कोणत्या महिन्यात संपला, धाकटी भावंडं सध्या शाळेत जातात की घरी पाठवली आहेत, कुणाच्या औषधाला महिन्याला किती जातात, शांबाचा (शेताचा) तुकडा गहाण आहे का.

खरी लढाई वेळेशी आहे. केसीएसई नोव्हेंबरात संपते, निकाल डिसेंबर-जानेवारीत लागतो आणि विद्यापीठ ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं. मधले नऊ-दहा महिने मूल रिकामं. मुलगा बोडाबोडा चालवू लागतो, रोज पैसा दिसायला लागल्यावर कॉलेज मागे पडतं. मुलीला नैरोबीत घरकामाला धाडतात किंवा तिचं लग्न ठरतं. म्हणून निवड निकालानंतर सुरू न करता फॉर्म फोरच्या मधल्या टर्मलाच सुरू करा, ग्रेडनुसार कोर्स नंतर ठरवा. रिकामे महिने कागदपत्रांना लावा. अठरा पूर्ण झाल्या झाल्या राष्ट्रीय ओळखपत्राचा अर्ज टाकायचा. मग त्याच ओळखपत्रावर स्वतःच्या नावाचं सिम घ्यायचं, कारण हेल्बचा पैसा आणि निरोप त्यावरच येतात, काकाच्या नावाच्या सिमवर नाही. जन्मदाखला, केसीएसईची नोंद आणि ओळखपत्र यांवर नाव अक्षरन् अक्षर सारखं असलं पाहिजे. दाखल्यावर 'ओतिएनो' आणि परीक्षेच्या नोंदीत नावांचा क्रम उलटा किंवा स्पेलिंग वेगळं, एवढ्यानेही अर्ज अडकतो. परीक्षेची नोंदणी होताना शाळा नावांची यादी छापून लावते, तेव्हाच ते विनासायास सुधारतं. नंतर मंडळाकडे खेटे आणि शुल्क.

मुलींसाठी दोन गोष्टी. खोली कॉलेजच्या आवाराजवळची घ्या, महिना ५०० जास्त गेले तरी. संध्याकाळची प्रॅक्टिकल संपवून अंधारातून चालत जावं लागतं म्हणून कितीतरी जणी कोर्स सोडतात. आणि एखादी मुलगी गरोदर राहिली तर मदत बंद होणार नाही, एक-दोन सत्रं पुढे ढकलली जाईल, हे नियमात आधीच लिहून ठेवा. प्रसंग आल्यावर समितीत चर्चा झाली तर निकाल तिच्या विरुद्धच लागतो.

आणखी एक. मुलांचे फोटो आणि घरची कहाणी देणगीदारांच्या ग्रुपवर टाकू नका. केनियात २०१९ पासून डेटा संरक्षण कायदा आहे, १८ खालच्यांसाठी पालकांची संमती लागते. कायदा नसता तरी मदतीच्या बदल्यात कुणाच्या घरची लाज चव्हाट्यावर आणायची नसते. मुलाचा क्रमांक, कोर्स, सत्र आणि निकाल एवढं कळवलं की पुरे.

२०२७ ची केसीएसई ८-४-४ या जुन्या शिक्षणपद्धतीची शेवटची आहे. २०२८ मध्ये सीबीईची (नव्या क्षमताधिष्ठित शिक्षणपद्धतीची) पहिली तुकडी बारावी पूर्ण करेल, तेव्हा सी प्लस, डी ही भाषा असलेले तुमचे निकष पुन्हा लिहावे लागतील. नियमावलीत 'ग्रेड' न लिहिता 'त्या अभ्यासक्रमाची त्या वर्षीची प्रवेशपात्रता' असं लिहा.

माळरान :

खूपच उपयोगी. आम्ही संख्या सहावर आणतोय. शेवटचा प्रश्न : प्रत्यक्ष पैसे कसे द्यायचे? फीचं समजलं, पण खोलीभाडं आणि जेवणाचे पैसे? आणि संस्था नोंदवावी लागेल का?

खतावणी :

फी कधीही माणसाच्या हाती नको, ना मुलाच्या, ना पालकाच्या, ना कॉलेजच्या कारकुनाच्या. कॉलेजच्या पेबिलवर (मोबाइलवरून पैसे भरायच्या एम-पेसा सेवेतल्या कॉलेजच्या क्रमांकावर) किंवा बँक खात्यातच भरा. पेबिल भरताना 'अकाउंट नंबर'च्या जागी मुलाचा प्रवेश क्रमांक तिरप्या रेघांसकट जसाच्या तसा टाकायचा. इथे एक आकडा चुकला तर पैसे कॉलेजला पोचतात, पण मुलाच्या नावावर चढत नाहीत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला 'फी बाकी' म्हणून हॉलबाहेर काढतात. म्हणून भरल्यावर आठवड्याभरात मुलाने लेखा विभागातून खातेपत्रक काढून त्याचा फोटो तुम्हाला पाठवायचा. एम-पेसाचा संदेश ही पैसे गेल्याची खूण, खातेपत्रक ही पैसे लागल्याची. संदेश पुसू नका, चूक दुरुस्त करायला त्यातला व्यवहार क्रमांक लागतो. एका व्यवहाराची मर्यादा अडीच लाख आहे, तुम्हाला ती आड येणार नाही.

खोलीभाडं घरमालकाच्या नंबरवर दर महिन्याला थेट भरा, पावती मुलाच्या नावाने घ्या. जेवणाचे पैसे मात्र मुलाच्या स्वतःच्या एम-पेसावरच जाऊ द्या, आईवडिलांच्या नाही. घरात कुणी आजारी पडलं की ते पैसे तिकडे वळतात, आणि त्यात आईवडिलांचा दोष नाही. रक्कम महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, दोन हप्त्यांत. एकदम सत्राचे पैसे दिले तर पहिल्या महिन्यातच नातलगांची उसनवारी सुरू होते. पैसे काढायचं शुल्कही रकमेत धरून पाठवा.

पुढच्या सत्राचे पैसे मागच्या सत्राच्या निकालपत्रानंतर. एखादा विषय राहिला म्हणून मदत तोडू नका, पण निकालपत्र मिळाल्याशिवाय पैसे सोडू नका. निकालपत्र येईनासं झालं तर बहुतेक वेळा मुलाने कॉलेज सोडून दोन महिने झालेले असतात. तेव्हा आधी फोन, मग गावातल्या समितीला घरी पाठवा.

नोंदणीबद्दल : तुम्ही आपसात वर्गणी काढून थेट कॉलेजला भरत असाल तर तीन सह्यांचं बँक खातं (त्यातल्या कुठल्याही दोन चालतील), लेखी नियम आणि वर्षाचा ताळेबंद एवढ्यावर सुरुवात होते. गावच्या समितीला स्वतःचं खातं हवं असेल तर तिची २०२२ च्या कम्युनिटी ग्रुप्स कायद्याखाली नोंद करा, सामाजिक विकास विभागाच्या कार्यालयात ते होतं. बाहेरच्या देशांतून नियमित देणग्या घ्यायच्या आणि पगारी माणूस ठेवायचा म्हटलं की पब्लिक बेनिफिट ऑर्गनायझेशन्स कायदा लागतो, जो २०१३ साली झाला आणि मे २०२४ मध्ये अमलात आला. त्या टप्प्यावर वकील गाठा.

सांजवारा :

एक राहिलं. समितीच्या पाच जणांचा बसभाड्याचा आणि फोनचा खर्च निधीतून उघडपणे द्या, ठरावीक दराने, पावतीसह. तो दिला नाही की खर्च मुलांच्या रकमेतून 'चहापाण्याचे' म्हणून वळता होतो आणि तो कुठेच लिहिला जात नाही.